फुकटचा उतार

सायकलवर लांब जाणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसभर डोक्यात काय चालू असतं, तर उतार. मी पण दोन आठवडे तेच घोकत होते की एकदा ला कुंब्रेची खिंड येऊ दे, मग पेडलला पाय लावायचा नाही. चिलीतल्या अरिकाहून समुद्राकडे पाठ करून निघाले होते, आधी वाळवंट, मग तांबो केमादोचा घाट, मग बोलिव्हियाचं ते संपता न संपणारं पठार, मग ला पाझ आणि ला पाझच्या डोक्यावर हा अजून हजारएक मीटरचा चढ. खिंड साधारण ४६५० मीटरवर. हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच जास्त, त्यामुळे बुटाची लेस बांधायला वाकलं तरी धाप लागते. तिथे पाण्याची शेवटची बाटली संपवली, झाकण घट्ट लावून बॅगेत टाकली, होते नव्हते ते कपडे एकावर एक चढवले आणि सुटले.

पहिले वीसेक किलोमीटर डांबरी, मस्त. नंतर जुना युंगास रस्ता लागतो, १९३० च्या दशकात बोलिव्हिया आणि पॅराग्वेत झालेल्या चाको युद्धातल्या पॅराग्वेच्या कैद्यांकडून खोदून घेतलेला, काही ठिकाणी जेमतेम एका गाडीपुरता. २००६ मध्ये नवा रस्ता झाला तेव्हापासून ट्रक-बस तिकडून जातात, हा बहुतेक सायकलवाल्यांचाच. गंमत म्हणजे बाकी देशात उजवीकडून वाहतूक आणि इथे मात्र डावीकडून, म्हणजे गाडीत डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला आपलं बाहेरचं चाक कडेपासून किती लांब आहे ते दिसावं. मला डावी बाजू सवयीची म्हणून मी खूश, आणि मग लक्षात आलं की उतरणाऱ्याची डावी बाजू म्हणजे दरीची बाजू. वर येणाऱ्याचा मान पहिला, उतरणाऱ्याने कडेला सरकायचं. नियम बरोबरच आहे म्हणा, चढणाऱ्याला थांबवणं हे पापच.

तर उतार. पाय खरंच रिकामे होते पण हात कामाला लागले. खडी, ओल, वळण, ब्रेक, परत वळण, परत ब्रेक. सामान धरून मी आणि सायकल मिळून शंभरेक किलो, आणि उतरायचं जवळपास साडेतीन हजार मीटर. एका वळणावर बोटं झाडत उभी असताना हिशेब केला, एवढ्या उंचीत साठलेली ऊर्जा होते सुमारे ८०० किलोकॅलरी. बस? एवढ्यासाठी दोन आठवडे घाम गाळला? शरीर काही फार काटकसरी यंत्र नाही, तेवढं काम करायला त्याच्या चौपट तरी जाळतं, ते सोडा. पण जी काय पुंजी जमली ती आता थोडी वाऱ्याशी भांडण्यात आणि बाकीची ब्रेकमध्ये गरम होऊन चालली होती. चुकून डिस्कला बोट लागलं, चटका बसला. म्हणलं हा माझाच चढ.

मधेच कधीतरी ढगात शिरले. अमेझॉनकडून येणारी दमट हवा या डोंगरांना थडकून वर चढते, गार होते आणि ढग होऊन इथेच बसते, म्हणून पूर्वेकडचे उतार असे हिरवेकंच आणि पलीकडे अरिकाला पाऊस जवळजवळ नाहीच. कडेला शेवाळ, नेचे, आणि धबधबे तर चक्क रस्त्यावरच पडतात, भिजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दर दोन तासांनी एक कपडा उतरवत होते, जाकीट, मग स्वेटर, मग हातमोजे. कान फटकन उघडले आणि एकदम किड्यांचा आवाज.

उतार संपतो त्या योलोसा गावाला, १२०० मीटरच्या आसपास, थांबून बॅग उघडली तर ती रिकामी बाटली पार चेपलेली. झाकण तसंच घट्ट. खिंडीतली विरळ हवा आत घेऊन आली होती, इथल्या हवेने बाहेरून दाबून टाकली. मी कुठून आले ते मोजायला मीटर नको, ही बाटली पुरे.

पंजे आखडून बसले होते, मूठ उघडेना. आणि मुक्काम होता कोरोइकोला, ते गाव योलोसाच्या वर डोंगरावर, म्हणजे परत चढ. मोठ्याने शिवी घातली, सवयीने. मग सगळ्यात हलका गिअर टाकला, ब्रेकवरची बोटं एकेक करून उचलली आणि पहिलं पेडल मारलं तर काय सांगू, इतकं बरं वाटलं.