पिवळा दिवा आणि ५४० किलोमीटर

निघायच्या आदल्या संध्याकाळी टायरमध्ये हवा भरून परत येताना चढावर गाडीने दोन-तीन गचके दिले. इंजिनचा पिवळा दिवा आधी लुकलुकला, मग नुसताच पेटून राहिला. डिकी निम्मी भरून झालेली, पहाटे पाचला निघायचं ठरलेलं.

ते लुकलुकणं दिसलं नसतं तर मी बहुधा तसाच निघालो असतो. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी पळत असेल तर हाताशी थोडा वेळ असतो. लुकलुकला की समजायचं, एखादा सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि कामातून जातो. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आधी काढा. (ऑइलचा लाल दिवा हे प्रकरणच वेगळं. गाडी बाजूला, इंजिन बंद, चर्चा नंतर.)

स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीचे बिघाड वाचायच्या) सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. बरेच जण इथेच कोड पुसून मोकळे होतात. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमसकट, म्हणजे कोड आला त्या क्षणीच्या इंजिनच्या नोंदीसकट. पुसलं की तीही जाते. माझ्या फ्रीझ फ्रेममध्ये १८०० आरपीएम आणि लोड ८० टक्क्यांच्या वर होता. म्हणजे बिघाड इंजिनवर ताण असताना झालेला; जागेवर उभ्या गाडीत काहीच सापडणार नव्हतं.

कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), काहीही असू शकतं. इंजिन गार झाल्यावर, इग्निशन बंद करून, तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर बसवली. प्रत्येकीला एकच बोल्ट, पण कनेक्टरचं लॉक उष्णतेने कडकडीत झालेलं. वायरला धरून ओढू नका. लॉक दाबून, हलवत हलवत काढा. मग कोड पुसला आणि त्याच चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी दाबली. गचका, लुकलुक, पाय वर. पी०३०१! तक्रार कॉइलबरोबर सरकली होती. तिसऱ्यावरच राहिली असती तर पुढचा नंबर प्लगचा होता.

नवी कॉइल सकाळी दुकान उघडल्यावरच मिळाली, त्यामुळे पाचचे साडेदहा झाले. सामानासकट तोच चढ दोनदा चढून बघितला आणि मगच निघालो. ५४० किलोमीटरमध्ये दिवा लागला नाही. वाटेत दोन थांब्यांवर पेंडिंग कोड (दिवा लागण्याआधीच नोंदले जाणारे) तपासले, कोरे.

पोचल्यावर टाकी फुल केली. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा परत. पोटात गोळाच आला. स्कॅनरवर पी०४५५, पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती. टाकीचं झाकण बघितलं तर तिरकं बसलेलं! कट्-कट् आवाज येईपर्यंत फिरवलं. दिवा मात्र लगेच विझत नाही. परतीला निघालो तेव्हाही होता, घरी आल्यावर दोन दिवसांनी गेला.