‘किती गुणी बाळ आहे हो!’ आमचे पहिले पंधरा दिवस

मुलगी आता साडेचार महिन्यांची झालीय आणि पहिल्यांदाच एका दमात बसून काहीतरी लिहायला वेळ मिळालाय, म्हणजे ती मांडीवर झोपलीय आणि मी एका हाताने टाईप करतेय, तर चुका असतील, सांभाळून घ्या. डिलिव्हरीबद्दल सगळे भरभरून बोलतात पण त्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल मला कोणी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं.

तर मी मूळची साताऱ्याची, राहायला पुण्यात. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं आणि माहेरी आले. छत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की बाळ अजून डोकं वर करूनच बसलंय, म्हणजे पायाळू. डॉक्टर म्हणाल्या अजून वेळ आहे, फिरेल कदाचित, नाहीतर ३९ व्या आठवड्यात सिझर करू. आजीला हे कळल्यावर तिला काळजीपेक्षा कौतुकच जास्त, कारण पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीतली उसण जाते म्हणे. शेजारच्या काकांनी तर आमच्या आधीच बुकिंग करून ठेवलं.

पण ३७ आठवडे आणि ५ दिवस झाले होते तेव्हा रात्री अडीचला पाणी गेलं. बाहेर जुलैचा पाऊस धो धो, बाबांनी गाडी काढली आणि पहाटे पाच-सव्वापाचला सिझर होऊन मुलगी झाली, २७१० ग्रॅम. सिझरबद्दल फार लिहित नाही, कमरेत इंजेक्शन देतात, खाली कोणीतरी पिशवी उचकतंय असं वाटतं पण दुखत नाही, आणि थंडी मात्र इतकी वाजते की दात वाजत होते. बाळ दाखवलं आणि नेलं. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यायचं असतं, सिझर असलं तरी घेता येतं, हे मी वाचलेलं होतं पण त्या वेळी बोलायचं सुचलंच नाही. ते माझ्याकडे आणून दिलं जवळजवळ चार तासांनी, आणि तोपर्यंत त्यांनी तिला वरचं दूध पाजून पण टाकलेलं. विचारलं तर उत्तर, ‘ताई, सिझरवाल्यांना तीन दिवस दूध येत नाही.’

हे अर्धंच खरं आहे. दूध ‘उतरतं’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझरनंतर कधी थोडं उशिरा, पण चीक पहिल्या दिवसापासून असतोच आणि बाळाला लागतो पण तेवढाच, एका वेळी चमचाभर. मी दाबून बघितलं, पिवळट दोन थेंब आले, म्हटलं एवढ्याने काय होणार. ते दोन थेंबच तेव्हा पुरतात हे मला पाचव्या दिवशी कळलं.

आणि बाळ कसं, तर अतिशय शांत. पहिल्या रात्री सलग पाच तास झोपली. दुसऱ्या दिवशी पण तेच. छातीला लावलं की दोन-चार वेळा चोखायची आणि डोळे मिटायची. भेटायला येणारं प्रत्येक जण म्हणायचं, ‘किती गुणी बाळ आहे हो, आवाजच नाही!’ मला पण भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू. बाजूच्या खोलीतलं बाळ रात्रभर टाहो फोडायचं तेव्हा मला त्याच्या आईची कीव यायची. नंतर कळलं की ते बाळ एकदम झकास होतं, भूक लागली की सांगत होतं. आमची उपाशी होती आणि सांगायची पण ताकद नव्हती.

तिसऱ्या दिवशी आईने डायपर बदलला आणि मला हाक मारली. डायपरवर विटकरी रंगाचा डाग, अगदी विटेची भुकटी ओल्या कपड्यावर सांडावी तसा. आम्हाला वाटलं रक्त. सिस्टर बघून म्हणाली होतं असं कधी कधी. होतं ते खरंय, पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी घट्ट असल्याने ते क्षार दिसतात, पण तिसऱ्या दिवसानंतर पण तेच दिसत असेल तर बाळाच्या पोटात पुरेसं जात नाहीये असं समजायचं. हे वाक्य मला त्या दिवशी कोणी बोललं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज होता. आई बाळाला खिडकीशी घेऊन गेली आणि म्हणाली, अगं ही पिवळी दिसतेय का गं? नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकं दाबून सोडलं की खालची कातडी पिवळी दिसत होती, छातीवर पण, मांडीवर पण, डोळे तर हळदीसारखे. सासूबाईंचा पुण्याहून फोन, कोवळ्या उन्हात धरा, आमच्या वेळी तेवढ्यानेच जायची. आता जुलै महिन्यात साताऱ्यात सूर्य कुठून आणू! आठ दिवस ऊन नव्हतं, आणि ते बरंच झालं, कारण असतं तर आम्ही दोन दिवस उन्हातच काढले असते. तिथल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी आधी वजन केलं, २४४० ग्रॅम. म्हणजे चार दिवसांत २७० ग्रॅम कमी, १० टक्के. थोडं वजन सगळ्याच बाळांचं उतरतं पण १० म्हणजे काठावर. रक्त तपासलं, बिलिरुबिन (कावीळ मोजतात तो रक्तातला पिवळा पदार्थ) १८.४. लगेच ॲडमिट.

डॉक्टर म्हातारे आहेत, शांत आहेत, त्यांनी एका चिठ्ठीच्या मागे चित्र काढून समजावलं. जन्मानंतर बाळाच्या जुन्या लाल पेशी तुटतात, त्यातून हा पिवळा पदार्थ तयार होतो, लिव्हर तो आतड्यात सोडतं आणि शीतून तो बाहेर जातो. बाळ प्यायलंच नाही तर शी होत नाही, शी झाली नाही तर तो आतड्यातून परत रक्तात जातो, कावीळ वाढली की बाळ सुस्त होतं, सुस्त झालं की अजून कमी पितं. गोल गोल. बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ होतेच आणि आपोआप जाते. पण पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, किंवा बाळ पिण्यासाठी उठतच नाही, तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि शी पांढरट, मातीच्या रंगाची दिसली तर एक दिवस पण थांबायचं नाही, ते वेगळं आणि गंभीर असू शकतं. उन्हाबद्दल विचारलं तर म्हणाले, उन्हात किती उजेड मिळाला ते मोजता येत नाही आणि उघडं बाळ गारठतं नाहीतर भाजतं, त्यामुळे उपचार म्हणून ऊन नको.

मग तीस तास फोटोथेरपी. फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी, वरून निळा उजेड. त्या उजेडाने तो पिवळा पदार्थ अशा रूपात बदलतो की तो शरीराबाहेर पडू शकतो, बाकी काही जादू नाही, दुखत नाही. पण दिसायला फार वाईट दिसतं हो. टाके ओढले जातायत, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि तिकडे घरी आईने पाचवीची पूजा मांडलेली, वरवंटा, कोरा कागद, पेन, सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून, आणि बाळ इकडे डोळ्यांना पट्टी बांधून निळ्या पेटीत. मी जी रडायला लागले ते थांबेचना. नवरा बिचारा पुण्याहून पावसात आलेला, त्याला कळेना काय करावं, तो आपला वडापाव घेऊन आला. खाल्ला मी.

त्या रात्रीच्या ड्युटीला एक सिस्टर होती, तिचे उपकार मी विसरणार नाही. दर दोन-अडीच तासांनी बाळ बाहेर काढून पाजायचं होतं. तिने आधी मला विचारलं, दाखवा कशी घेता. मी घेतलं, तर म्हणाली, ताई, तुम्ही बाळाकडे वाकताय, बाळ तुमच्याकडे आणायचं. आणि बाळाने फक्त टोक तोंडात धरलंय, म्हणून तुम्हाला चिरा पडल्यात आणि तिला काही मिळत नाही. मग तिने बाळाला माझ्या काखेतून मागे पाय करून धरायला लावलं, खाली उशी, म्हणजे टाक्यांवर भारच नाही. बाळाच्या ओठांना टोकाने गुदगुल्या करायच्या आणि थांबायचं, थांबायचं, जांभई दिल्यासारखं मोठ्ठं तोंड उघडलं की पटकन पूर्ण बाळच जवळ ओढायचं. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि भोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून जवळजवळ दिसत नाही. पहिल्यांदा नीट लागलं तेव्हा दुखलंच नाही, आणि दोन मिनिटांनी घुट् असा आवाज आला. गिळण्याचा. चार दिवसांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

झोपेत असली की उठवायचं कसं हे पण तिनेच दाखवलं, कपडे काढायचे, तळपाय चोळायचे, ओल्या कापसाने मान पुसायची, आणि पिता पिता झोपली की छाती हाताने हलकी दाबायची म्हणजे तोंडात दूध जातं आणि ती परत चोखते. पाजून झालं की हाताने उरलेलं काढून वाटी-चमच्याने द्यायचं, बाळाला उभट धरून, चमच्याची कड खालच्या ओठावर टेकवून, ते स्वतः चाटून घेतं, घशात ओतायचं नाही. आजीने यासाठी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढून पाठवलेलं, माझे बाबा त्यातूनच प्यायलेले, पण डॉक्टर म्हणाले त्याच्या चोचीच्या आत साफ झालंय की नाही कळत नाही, वाटी-चमचाच बरा. आजी दोन दिवस रुसली.

ॲडमिट झाल्यावर पहिल्या दिवशी हाताने काढलेलं दूध कमी पडलं तेव्हा डॉक्टरांनी मोजून वरचं दूध पण द्यायला सांगितलं, तीन वेळा दिलं. त्याचं मला आता काही वाईट वाटत नाही. डॉक्टरांनी हिशेबाने सांगितलेलं वेगळं आणि न विचारता पाजलेलं वेगळं. डबाबंद दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, पण जाहिरात हवी कशाला, प्रत्येक नात्यात एक काकू असतेच, ‘अगं रडतंय, दूध पुरत नसेल, डबा आण’ म्हणणारी.

रविवारी संध्याकाळी बिलिरुबिन ११.९ आलं, लाईट बंद केले, दुसऱ्या दिवशी परत बघितलं, १२.६, थोडं वर जातं म्हणे, चालतं. घरी आलो.

पाचव्या दिवशी माझं दूध उतरलं ते असं की छाती दगड. ताप आल्यासारखं. बाळाला धरताच येईना इतकं टणक. पाजायच्या आधी थोडं हाताने काढून मऊ करायचं आणि पाजल्यावर गार ओल्या कपड्याची घडी, दोन दिवसांत सुटलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, सगळं खाल्लं, आवडीने खाल्लं, पण दूध वाढलं ते सारखं पाजल्याने असं माझं ठाम मत आहे. जेवढं निघतं तेवढं बनतं. बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं हा नियम मात्र मी सरळ मोडला.

घरी मी बाबांच्या जुन्या डायरीत लिहायला लागले: किती वाजता पाजलं, सू, शी. बास. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजणं, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा चांगले ओले लंगोट, शी काळ्याची हिरवट होऊन मग मोहरीच्या चटणीसारखी पिवळी. हे जमतंय तर दूध पुरतंय, मग बाळ संध्याकाळी कितीही किरकिर करो. कोणी काही बोललं की मी डायरी दाखवायचे. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी डायरी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, शाळेत एवढा अभ्यास केला असतास तर! पण त्यानंतर डब्याचा विषय काढला नाही, उलट रात्री दोनची सू त्यांनीच लिहिलेली असायची.

मध चाटवायला मी नाही म्हटलं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्याने बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी पण नाही. मालिशवाल्या मावशींना नाकात-कानात तेल घालू दिलं नाही आणि धुरी बंद. त्यावरून घरात जे झालं ते वेगळं लिहावं लागेल.

आठव्या दिवशी वजन २५३०. चौदाव्या दिवशी काट्यावर आधी उघडं बाळ ठेवलं, आकडा हलत राहिला, ती पाय झाडत होती, मग थांबला, २७३०. जन्माच्या वजनापेक्षा २० ग्रॅम जास्त. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं आणि बाळाने त्या काट्यावरच धार सोडली. त्या रात्री ती दर दीड तासाला उठून भोकाड पसरत होती. पलीकडच्या काकू सकाळी म्हणाल्या, आधी किती गुणी होती, आता काय झालं गं हिला?

हो, आणि पायाळू असल्यामुळे सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करून घ्या, अशा बाळांमध्ये खुब्याचा सांधा नीट बसलेला नसण्याची शक्यता जास्त असते. आमची नॉर्मल आली. सिझरने झालेलं बाळ पायाळू धरायचं की नाही यावर आजी आणि काकांचा वाद अजून मिटलेला नाही, पण दुसऱ्या महिन्यात काका पाठ धरून आलेच. आम्ही तिचे पाय त्यांच्या कमरेला लावले. ते म्हणतात फरक पडला. काकू म्हणतात गोळी घेऊन आले होते.