राहुटीखालची जागा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगली जिल्ह्यातले आमचे मातीच्या भिंतींचे घर पडले. पाणी ओसरल्यावर दगडी जोते आणि पुढच्या दाराची चौकट एवढेच उभे होते. आम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलो, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे मी त्या जागेकडे फिरकलो नाही. वडील माळकरी होते. ते गेल्यापासून मी पूजेला बसत असे, पण पुरानंतर तेही सुटले. हात जोडले की डोळ्यांसमोर गाळात रुतलेला देव्हारा येई.

वारीला जावे असे मनात आले तेव्हा करोनामुळे पायी सोहळाच थांबला होता. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. अखेर २१ जून २०२२ रोजी आळंदीहून प्रस्थान झाले आणि रथामागच्या एका दिंडीत मी चालू लागलो. दिवेघाट चढताना पुढे-मागे पताकांखेरीज काही दिसत नव्हते, टाळांचा ठेका पावलांत उतरला होता, तरी मन मात्र कोरडेच होते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते आणि सोहळा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. सारे वारकरी पाण्यात उतरत होते आणि मी काठावरच थांबलो होतो, कारण पुरानंतर वाहत्या पाण्यात मी पाऊल टाकले नव्हते. नीरा भीमेला मिळते आणि भीमा पुढे कृष्णेला, हे शाळेत शिकलेले त्या क्षणी आठवले आणि पाय अधिकच जड झाले. आमच्या दिंडीतल्या एका वृद्ध माउलींनी ते पाहिले असावे. त्यांनी काही न विचारता तांब्याभर पाणी आणून माझ्या पायांवर ओतले आणि मलाच वाकून नमस्कार केला. वारीत लहान-मोठे सारेच एकमेकांच्या पाया पडतात. तरीही आजीच्या वयाच्या बाईंनी माझ्यासमोर वाकावे, याने मला रडू आले.

त्याच आजींची दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. रोज पहाटे राहुट्या उतरवून ट्रकमध्ये भरल्या जात आणि जो तो निघण्याच्या घाईत असे. आजी मात्र राहुटीखालची जागा हाताने साफ करीत, कागद-पत्रावळी वेचून घेत आणि मगच तुळस डोक्यावर घेत. एके पहाटे मी त्यांना म्हणालो, "माउली, राहू द्या, आता इथे कोण येणार आहे?" त्या म्हणाल्या, "रातभर या जागेनं सांभाळलं आपल्याला. तिला असं टाकून जाऊ नये."

त्या दिवशी मी काहीच बोलू शकलो नाही. घर मला सोडून गेले, असे मी तीन वर्षे मानत आलो होतो; त्या जागेला मी टाकले होते, हे मला कधी सुचलेच नव्हते. तेव्हापासून रोज पहाटे मीही आजींबरोबर जागा साफ करू लागलो. चांदोबाचा लिंबचे रिंगण, वेळापूरच्या अलीकडे सारे वारकरी धावत सुटतात तो धावा, हे सारे मी डोळे भरून पाहिले; पण त्या सोहळ्यात माझे मन खऱ्या अर्थाने वळले ते त्या पहाटेच्या अंधारात, ओल्या गवतावर हात फिरवताना.

१० जुलैला आषाढी एकादशी होती. दर्शनाची रांग फार लांब होती, म्हणून नामदेव पायरीला डोके टेकवून आणि कळसाकडे पाहून मी समाधान मानले. वाखरीला निरोप घेताना आजींनी माझे गाव विचारले होते, घराबद्दल मात्र शेवटपर्यंत काही विचारले नाही.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी विळा आणि खराटा घेऊन मी जुन्या जागेवर गेलो. गवत कमरेपर्यंत वाढले होते. दिवस मावळेपर्यंत निम्मे जोते मोकळे झाले. तेवढ्यावर बसून मी वाटेत पाठ झालेला हरिपाठ म्हटला आणि उरलेले गवत काढायला उजाडताच परत आलो.