तुम्ही विचारलंत म्हणून: मी तुमच्या मेलचे तुकडे का पाडते

"मदत मागितली, तर आमचीच मेल कापून, मधे मधे दोन-दोन ओळी खरडून परत पाठवता. सरळ वर उत्तर लिहायला काय जातं?" लिनक्सच्या मदतीच्या मेलिंग लिस्टवर (एकाची मेल सगळ्या सदस्यांना जाते तिथे) उत्तरं देणाऱ्या कुणालाही हे ऐकावं लागतं. मला जरा जास्तच, कारण मी कापतेही जास्त. शाळेतल्या बाईंनी लाल पेननं वही तपासल्यासारखं वाटतं, असंही कळवलं गेलंय. वाटत असेल. पण माझं "हो" नेमकं कशाला आहे ते दिसावं म्हणून मी कापते, तुमच्या चुका काढायला नाही.

रीत अगदी साधी आहे. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच '>' लावून ठेवायचं, एक ओळ मोकळी सोडायची, खाली उत्तर. पुढचं वाक्य, पुढचं उत्तर. बाकीचं सगळं उडवायचं: नमस्कार, सही, लिस्टची तळटीप, तिसऱ्या-चौथ्या पातळीवरची '>>>>' रांग. कोण बोललं ती ओळ मात्र ठेवायची, नाहीतर एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी जातं. लॉगच्या, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींच्या, दोनशे ओळी आल्या असतील तर एररची ओळ आणि तिच्या आगेमागे चार-पाच, एवढ्या पुरतात. जिथून कापलं तिथे तीन टिंबं द्यावीत. ती न दिली की लॉगमध्ये मधे काही घडलंच नाही असं वाचणाऱ्याला वाटतं.

यावर "ही तुमची हौस" म्हणणाऱ्यांसाठी लिस्टवर घडलेला एक प्रकार सविस्तर सांगते.

एकाला पेनड्राइव्हवर आयएसओ, म्हणजे लिनक्स बसवायची फाइल, लिहायची होती. त्याने डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके कमांडचं आउटपुट नीट चिकटवलं: एसडीए ४६५.८ जी, म्हणजे लॅपटॉपची ५०० जीबीची हार्ड डिस्क; एसडीबी १४.९ जी, म्हणजे १६ जीबीचा पेनड्राइव्ह. पहिल्या मदतनिसाने डीडीची (फाइल थेट डिस्कवर लिहिणारी) कमांड दिली, लिहायची जागा एसडीबी. बरोबर. मग प्रश्नकर्त्याने पेनड्राइव्ह लावलेलाच ठेवून लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि नावं उलटली. हे होतं. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने देतो, तीच राहतील अशी हमी नाही. त्याला शंका आली, हे त्याचं शहाणपण. त्याने लिहिलं, "आता नावं वेगळी दिसताहेत, तरी वरचीच कमांड चालवायची ना?"

दरम्यान दुसरा एक मदतनीस पहिल्याच्या मेलला उत्तर लिहीत होता. शंकेची मेल त्याने पाहिलेलीच नव्हती. त्याने सगळ्यात वर टाकलं, "होय, तीच चालवा", आणि खाली सगळा धागा, म्हणजे आधीच्या सगळ्या मेल, जसाच्या तसा, सह्यांसकट. ते उत्तर शंकेनंतर पोचलं. फोनवर मेल वेळेच्या क्रमाने लागल्या होत्या, खालचा मजकूर तीन टिंबांमागे दडलेला. दिसत होतं ते एवढंच: प्रश्न, आणि त्याखाली "होय". प्रश्नकर्त्याने कमांड चालवली. एसडीबी आता हार्ड डिस्क होती.

डीडी विचारत नाही. सुमारे दोन जीबीची आयएसओ डिस्कच्या सुरुवातीपासून लिहिली गेली: पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची नोंद) गेलं, बूटचं ईएफआय पार्टिशन गेलं, पुढच्या पार्टिशनचं डोकं गेलं. त्या टेबलाची (जीपीटीची) दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते म्हणून पार्टिशनच्या सीमा जीडिस्क या प्रोग्रामने परत मिळाल्या. जे वरून लिहिलं गेलं ते मिळालं नाही.

इन-रिप्लाय-टू हेडरमध्ये (मेलच्या माथ्यावरच्या, सहसा न दिसणाऱ्या ओळीत) ते उत्तर कुणाच्या मेलला होतं याची नोंद होतीच. पण हेडर वाचतो कोण? ती मेल अशी असायला हवी होती:

> पेनड्राइव्ह एसडीबी, १४.९ जी

होय, एसडीबीसमोर १४.९ जी दिसत असेल तरच. रीस्टार्ट केलं असेल तर एलएसबीएलके पुन्हा चालवा, आणि जमलं तर डिस्कच्या बाय-आयडी नावाने लिहा, ते बदलत नाही.

बस, दोन ओळी.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, कारण पूर्वी मी ते बोलूच देत नसे. नियम म्हणजे नियम, आरएफसी १८५५ (इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा दस्तऐवज) वाचा, असं म्हणायचे. १९९५च्या त्या दस्तऐवजात खरं तर एवढंच आहे की मूळ मजकुराचा सारांश वर द्या किंवा संदर्भापुरता मजकूर ठेवा. "वर लिहिणं पाप" असं त्यात नाही. स्क्रीन रीडरवर मेल ऐकणाऱ्याला उत्तराआधी सगळी अवतरणं ऐकावी लागतात, म्हणजे खाली लिहिणारा पण न कापणारा माणूस वर लिहिणाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतो. ७२ अक्षरांवर ओळ मोडायचा माझा आग्रहही फोनवर हास्यास्पद दिसतो, एक ओळ लांब, एक तोकडी. तरी पॅच (कोडमधला बदल) पाठवताना मी तो सोडणार नाही. कर्नलच्या कागदपत्रांत जीमेलचं वेब पान पॅचसाठी नको असं सरळ लिहिलंय: टॅबचे स्पेस होतात, ओळी ७८ अक्षरांवर मोडतात, पॅच लागत नाही.

मराठीत मेलचा विषय (सब्जेक्ट) लिहिणाऱ्यांनी तो आखूड ठेवावा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या लिपी साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि विषयाच्या एन्कोड केलेल्या (पाठवण्यासाठी साध्या इंग्रजी अक्षरांत बदललेल्या) एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. लांब विषयाचे तुकडे पडतात. जुना प्रोग्राम अक्षराच्या मधोमध तोडतो आणि चौकोन दिसतात.

नवा प्रश्न जुन्या मेलला रिप्लाय करून, विषय बदलून विचारू नका. मेल कोणत्या धाग्यातली ते सांगणारा रेफरन्सेस हेडर जुनाच राहतो, तुमचा प्रश्न कुणाच्या तरी प्रिंटरच्या धाग्याखाली जाऊन बसतो, आणि प्रिंटरचा कंटाळा आलेल्यांनी तो धागा केव्हाच बंद केलेला असतो.

"मॅडम, थेट तुम्हालाच लिहितोय" याला मी उत्तर देत नाही, त्याचाही राग येतो तुम्हाला. माझं चुकलं तर ते खाजगीत कोण पकडणार? पण लिस्टवर उत्तर देताना कुणाला वेगळी प्रत (सीसी) ठेवायची यावर माझंही ठरलेलं नाही. डेबियनच्या (लिनक्सच्या एका प्रकाराच्या) लिस्टवर मागितल्याशिवाय वेगळी प्रत पाठवू नये असा संकेत आहे. कर्नलच्या लिस्टवर बरोबर उलटा, सगळ्यांना ठेवा, कारण विचारणारा लिस्टवर असेलच असं नाही. दोन्हीकडची कारणं मला पटतात, आणि दोन्हीकडे माझी बोलणी खाऊन झालीत.

आणि नुसत्या "धन्यवाद"ला मी चिडते, ते या एकाच कारणाने. तिघांनी तीन उपाय सांगितलेले असतात आणि तुमचं काम एकाने झालेलं असतं. तो कोणता, हे पहिल्या ओळीत लिहा: कोणती कमांड, कोणती आवृत्ती. विषयात "सुटलं" घालू नका, विषय बदलला की जीमेल वेगळा धागा करतं आणि तोच एरर शोधत येणाऱ्याला तुमचा प्रश्न सापडतो, उत्तर नाही.