पान एक्कावन्न

मे महिन्यातल्या दुपारी आमच्या मराठवाड्यात माणसानं दोनच कामं करावीत. कूलरसमोर पडावं, आणि कूलरातलं पाणी संपलं की ते भरायला कोण उठणार यावर एक शब्दही न बोलता घरात भांडावं. परवा लाईटच गेली, त्यामुळं भांडण मिटलं, पण झोपही उडाली. मग मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. ‘वाळवी लागली का बघतो,’ असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘बघा. नसली तर लावून ठेवा.’

पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि सगळ्यांत वर निघालं ‘पाचोळा’. रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची कादंबरी. बोराडे सर २०२५ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा हे पुस्तक मी घरभर धुंडाळलं होतं. तेव्हा सापडलं नाही, आणि आता न शोधता हातात आलं. वर खाकी कव्हर, शाईनं घातलेला दाखल क्रमांक, मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला तारखांचा कागद. त्यावर जांभळे शिक्के. शेवटची तारीख १२ जून १९९४.

म्हणजे पुस्तक वाचनालयाचं, आणि जवळजवळ एकतीस वर्षं माझ्या पेटीत. चोरी म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

माझा हात आपोआप पान एक्कावन्नकडं गेला. पण ते राहू द्या, आधी मावशी सांगितली पाहिजे.

आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच. पुढं बारावीपर्यंत मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मावशीकडं होतो. वाड्याच्या ढेलजेत तिचं शिवणयंत्र असायचं. दिवसभर ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक. संध्याकाळी पाचला ती यंत्रावर फडकं टाकायची आणि मला वाचनालयात पिटाळायची. ‘एक जाडं आण, एक हलकं आण.’ लेखक कोण, पुस्तक कोणतं, असलं काही नाही. भाजी आणावी तशी पुस्तकं. त्यामुळं एकाच पिशवीतून वि. स. खांडेकर आणि बाबुराव अर्नाळकर घरी यायचे आणि कुणालाच त्याचा कमीपणा वाटायचा नाही.

अडचण एवढीच, की पुस्तकांची नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत. अर्नाळकरांच्या झुंजारची कादंबरी अर्धी वाचून झाली की ओरडायची, ‘अगं माय, ह्या मेल्याचा खून तर मागंच झालाय की!’ यावर तिनं उपाय काढला. कापडाची मापं लिहायची तिची एक निळी पेन्सिल होती. पुस्तक वाचून झालं की त्या पेन्सिलीनं पान एक्कावन्नच्या आकड्याखाली एक ठिपका. फार आवडलं तर दोन ठिपके, म्हणजे पुन्हा आणलं तरी चालेल. आणि आकड्याभोवती गोल असला, तर हे पुस्तक परत या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही.

‘एक्कावन्नच कामून?’ मी विचारलं होतं.

‘पन्नास पानं कुणालाबी द्यावीत. एक्कावन्नाव्याला आपलं आपल्याला कळतंय.’ थोडं थांबून म्हणाली, ‘आन् आहेराचा आकडा हाय.’

हा उद्योग काही ती एकटीच करत नव्हती. आमच्या वाचनालयात एक निवृत्त तलाठी अकराव्या पानावर सही ठोकायचे, सातबाऱ्यावर ठोकावी तशी. कुणी शंभरच्या आकड्याखाली रेघ मारायचं. ‘स्वामी’च्या पहिल्याच कोऱ्या पानावर कुणीतरी लिहिलेलं होतं, ‘शेवट फार वाईट आहे. रुमाल जवळ ठेवा.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘ठेवला होता. पुरला नाही.’ माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला शाळेपासून ठाऊक. तरी लोक रडत होते आणि पुढच्याला सावध करत होते. पुढं कॉलेजात मी समीक्षेची पुस्तकं वाचली, गुण मिळवले, पण पुस्तकाबद्दल बोलताना त्या दोन ओळींइतकं खरं मला कधी लिहिता आलं नाही.

तर मावशीचे निकाल. ‘ययाती’ला गोल. १९५९ सालची कादंबरी, तिला साहित्य अकादमी मिळालेला, खांडेकरांना १९७४ साली ज्ञानपीठ, हे सगळं मी तिला पाठ केल्यासारखं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, ‘आरं, सारखा आपला सुख पायजे, सुख पायजे. दोन बायका झाल्या, पोराचं तरुणपण घेतलं, तरी रडतोयच. मेल्याला एक दिवस कापूस येचायला न्या.’ मी गप्प बसलो. मी पंधराव्या वर्षी ‘ययाती’ ज्या पानांसाठी वाचत होतो, ती पानं त्या प्रतीत आपोआप उघडायची. माझ्याआधीच्या वाचकांनी तेवढी सोय करून ठेवली होती. बाकीची सुभाषितं मी उडवली. ती खोड अजून आहे. कादंबरीत सूर्यास्त आला की मी दोन परिच्छेद खाली उडी मारतो. सूर्य मावळला एवढं कळलं, पुढं सांगा. चंद्राला थोडी सवलत देतो, पण तीही अर्ध्या पानाची.

‘मृत्युंजय’ मात्र एक ओळही न गाळता वाचलं. १९९३ साल. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि त्यानंतर आमच्याकडंही लोक घरात झोपायला घाबरायचे. गल्लीत लिंबाखाली ओळीनं बाजा पडलेल्या. विजेच्या खांबावरचा दिवा नेमका माझ्या उशाशी यायचा. बारावीचं वर्ष होतं, हातात शिवाजी सावंत होते. रोज रात्री कर्णावर अन्याय व्हायचा आणि मी दात-ओठ खात कूस बदलायचो. वर्गात एका सरांनी माझी वही न तपासता परत दिली, तर मला वाटलं, सूतपुत्र! आठवडाभर मी त्या तोऱ्यात हिंडलो. कवचकुंडलं नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

चाळिशीनंतर तेच पुस्तक पुन्हा हातात घेतलं. शंभराच्या आसपास दमलो. कर्ण, कुंती, दुर्योधन, सगळे आळीपाळीनं बोलतात आणि सगळे सारखंच बोलतात. हे लिहिताना आजही थोडी भीती वाटते, कारण माझ्या भाच्यासाठी तो ग्रंथ म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू आहे. त्याचं वय अठरा. त्याला मी काही सांगत नाही. त्याच्या उशाशीही एखादा दिवा असेल.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ औरंगाबादला होस्टेलवर भेटली. ‘शंभरातील नव्व्याण्णवास’ ही अर्पणपत्रिका वाचूनच आम्ही चौघे त्या नव्व्याण्णवांत सामील झालो. पुस्तक १९६३ चं, आम्ही वाचत होतो १९९५ साली, तरी वाटलं की या माणसानं आपली खोली चोरून पाहिली आहे. महिनाभर त्यातल्या नायकासारखं आमच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘वगैरे’. मी वडिलांना पत्र लिहिलं, मेसचे पैसे, पुस्तकं वगैरे यासाठी तीनशे रुपये पाठवावेत. वडिलांचं पोस्टकार्ड आलं, ‘मेसचे आणि पुस्तकांचे पाठवले आहेत. वगैरे मिळणार नाही.’ मराठीत ‘कोसला’वर पुष्कळ लिहून झालंय, पण एवढी थोडक्यात समीक्षा कुणी केली नसेल. नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मात्र मी एकदाच वाचली. पुन्हा वाचायला घेतो तेव्हा ती पानं चिमटीत धरून एकदम उलटतो. ही काही सूर्यास्तासारखी उडी नव्हे.

जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत एक कबुली द्यायची राहिली आहे. त्यांच्या रूपककथा कळल्याचं सोंग मी निदान पंधरा वर्षं केलं. कुणी ‘ऑर्फियस’चं नाव काढलं की मी खिडकीबाहेर बघायचो. खिडकीबाहेर बघितलं की समोरच्याला वाटतं, याला फार खोल कळलंय. कळत मला त्यांची माणसं होती, ‘कैरी’मधली तानीमावशी होती. ती कथा वाचली त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी एस.टी. धरून मावशीकडं गेलो. तिनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला, शेंगदाणे जास्त घालून. कथा मी तिला सांगितली नाही. काय सांगणार?

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ वाचून कॉलेज म्हणजे पुण्याचा कट्टा असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात आमच्या कॉलेजात एक बाभळ होती आणि खाली सायकली. नारायण धारपांच्या भयकथांत भुतांना पुरून उरणारे समर्थ होते म्हणून भारनियमनाच्या रात्री परसात जाता आलं, एवढे उपकार मात्र मान्य.

‘बनगरवाडी’ला मी दहावीत मनातल्या मनात ‘बोअर’ असा शेरा दिला होता. मास्तर येतो, मेंढ्या चरतात, पाऊस पडत नाही, गाव उठून जातं. यात घडलं काय? मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं, आमच्या खेड्यात टँकरच्या नळीभोवती घागरींची झुंबड. त्या मे महिन्यात माडगूळकर पुन्हा उघडले आणि बसल्या बैठकीला संपवले. पुस्तकात एक अक्षर बदललेलं नव्हतं.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मी अर्ध्यात सोडली. शिकून घरी बसलेला एकनाथ, घरातलं कर्ज, आईची चिडचिड. त्याच आठवड्यात गावाकडच्या भावाचा सोसायटीच्या कर्जाच्या नोटिशीसाठी फोन आला होता. पुस्तक मिटून कपाटात ठेवलं, ते तिथंच आहे. पुढं कधी वाचेन असं वाटत नाही. वाईट म्हणून सोडलेली पुस्तकं पुष्कळ, खरं म्हणून सोडलेलं हे एकच. आणि भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ वाचल्यापासून मी टोमॅटोवाल्याशी घासाघीस करत नाही. भाव पडला म्हणून आपलाच माल पायाखाली तुडवणारा बाप डोळ्यांपुढं येतो आणि माझा हात गुपचूप खिशात जातो. बायको म्हणते, ‘तुमच्या कथेपायी किलोमागं दहा रुपये जास्त जातात.’ जातात.

आता ‘पाचोळा’.

हे पुस्तक मीच मावशीला आणून दिलं होतं, ‘हलकं’ म्हणून, कारण पानं थोडी होती. त्याआधी मी स्वतः चाळलं आणि चक्क लाजलो. शिंप्याच्या घरातली गोष्ट, शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, आणि तीही आमच्याकडं बोलतात त्या बोलीत. असं छापतात? मी आठवीत निबंधात ‘कामून’ लिहिलं होतं, तर त्याच्याभोवती लाल शाईचं वेटोळं पडलं होतं आणि समासात ‘अशुद्ध!’ उद्गारचिन्ह एवढं जोरात दिलेलं, की पुढच्या पानावर त्याचा फुगवटा उमटला होता. मी बोटानं तो फुगवटा कितीतरी दिवस चाचपत असे. आणि इथं अख्खं पुस्तक तसल्या शब्दांचं, वर वाचनालयाचा शिक्का. मला कुणाचा तरी राग आला, पण बोराडे सरांचा की लाल शाईचा, ते तेव्हा ठरवता आलं नाही.

मावशीनं ते दोन दिवसांत वाचलं. त्या दोन दिवसांत यंत्र बंद होतं, लग्नसराईचे ब्लाउज तुंबलेले असताना. गिऱ्हाइकं ढेलजेत येऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणं पिशवी घेऊन उभा राहिलो, तर ती म्हणाली, ‘ते इतक्यात देऊ नको.’ मी म्हटलं, ‘तारीख उलटंल, दंड बसंल.’ ‘बसू दे.’ त्याच महिन्यात मी कॉलेजसाठी औरंगाबादला आलो. पुढं कधीतरी तिनं माझ्या पेटीत, धपाट्यांच्या डब्याखाली ते घातलं असणार. तिला विचारायचं राहून गेलं. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

परवा दुपारी पान एक्कावन्न उघडलं. निळी पेन्सिल फिकी पडलीय, पण आहे. आकड्याभोवती गोल. नीट, यंत्राच्या टिपेसारखा एकसारखा. आणि गोलाच्या आत, आकड्याखाली, दोन ठिपके.

अशी खूण मी तिच्या कुठल्याही पुस्तकात पाहिलेली नाही. परत आणू नको, आणि पुन्हा आण. मी ते पान उन्हाकडं धरून बघितलं, चष्मा काढून बघितलं. गोल आधी काढला असेल की ठिपके आधी, तेही कळेना. वाचून झाल्या झाल्या काढली असेल ही खूण, की ब्लाउज तुंबवून बसली होती त्या दोन दिवसांत कधीतरी?

मग दंडाचा हिशेब केला. तेव्हा दिवसाला दहा पैसे होता. आजवरचे साधारण ११,३०० दिवस धरले तर १,१३० रुपये होतात. वाचनालय अजून आहे. खाली स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत बसतात, वर कपाटं. मी येत्या रविवारी जाऊन दंड भरीन, पावती घेईन. पुस्तक मात्र त्यांनी मागू नये.