आमची वाटचाल : एका लॉटची गोष्ट

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी लागते तेव्हा रोप कुणाचं होतं हे कुणी विचारत नाही. माल बिघडला की मात्र नर्सरीवाला आधी आठवतो.

आमच्या नर्सरीचं शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, उभं केलं तेव्हा भांडवल काय, तर जुने प्रोट्रे म्हणजे रोपांचे कप्प्यांचे ट्रे, कोकोपीटच्या म्हणजे नारळाच्या भुशाच्या विटा आणि एक सागवानी फळी. फळीला कप्प्यांच्या मापाने 98 खुंट्या ठोकल्यात. एकदा दाबली की सगळे खळगे सारखे. बी खोल गेलं की रोप मागे पडतं आणि ट्रे उंचसखल दिसतो. ही फळी मी अजून कुणाच्या हाती देत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

2020 चा उन्हाळा मात्र सांगायलाच हवा. आधीच लॉकडाऊन, त्यात जुन्नर, अकोले, संगमनेरकडे फळं लाल व्हायचीच थांबली. एकाच फळावर हिरवे-पिवळे पट्टे, आतून गर काळपट. शेजारच्या एका नर्सरीवाल्याने उठवलं, की रोग आमच्या ट्रेमधून आला. उधारी अडकली, बुकिंग गेलं, माणसं भरपाई मागायला दारात.

तेव्हा उभे राहिले ते आमच्याकडून रोपं नेणारे खोडदचे तात्या. जानेवारीची थंडी आणि जूनचा पाऊस यांच्यामध्ये जेवढे दिवस मिळतात तेवढाच उन्हाळी हंगाम, म्हणून तात्या घड धरला की देठाला लोकर बांधतात, दर आठवड्याला वेगळ्या रंगाची. फळाच्या बुडाशी तांबूस झाक दिसली की वहीत तारीख. कुठला वाण वेळेत पिकतो हे त्या वहीतून कळतं. तात्यांनी ती चावडीवर सगळ्यांपुढे उघडली. आमच्या रोपांचा लॉट एकच, पण त्यांचा प्लॉट लालभडक आणि बांधाला तण माजलेल्या शेजाऱ्याचा पट्टेरी. पुढे बंगळुरूच्या आयआयएचआर या फलोत्पादन संशोधन संस्थेनेही सांगितलं, की नमुन्यांत मुख्यतः कुकुंबर मोझॅक व्हायरस आहे. हा व्हायरस मावा ही कीड पसरवते, आणि तो तणांत दबा धरून राहतो. आमच्यावर बोट दाखवणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही. त्या नर्सरीवाल्याने पुढच्या वर्षी आमच्यासारखीच फळी मात्र करून घेतली.

आता विषय निघालाच आहे तर, वाण घेताना पाकिटावरच्या दिवसांना भुलू नका. 65 दिवसांत पहिला तोडा म्हणतात तो लागवडीपासून, ट्रेमधले 25-30 दिवस वेगळे. शिवाय ते दिवस थंडीतले की मे महिन्यातले, हे पाकीट सांगत नाही. पारा 32 अंशांच्या वर राहिला की लाली धरत नाही, फळ पिवळट-नारिंगीवरच अडकतं. त्यालाच व्हायरस समजून फवारे मारत बसणारे मी पाहिलेत! फळावर सावली राहील एवढा पाला ठेवा. लांबच्या बाजाराला जाड सालीचा वाण घ्या आणि रंग फुटताच तोडा, क्रेटमध्ये माल लाल होतोच.

तात्यांचा मुलगा आता मोबाईलवर फोटो काढून नोंद ठेवतो. ठेवू दे, पण लोकरही बांध म्हटलं. उन्हाळी रोपांचं बुकिंग दिवाळीनंतर सुरू होतं. ॲडव्हान्स आल्याशिवाय ट्रे भरत नाही, पाहुणा असला तरी.