बावीस घरांसाठी तेरा दिवस: पोषण सर्वेक्षणाच्या घरयादीचा माझा अनुभव

घरं निवडायला चार मिनिटं लागतात. ज्या यादीतून ती निवडायची, त्या यादीला आम्हाला तेरा दिवस लागले. त्यातले नऊ ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ऑफिसबाहेरच्या सोफ्यावर गेले. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा खालचं तेवढं समजून वाचा.

आधी पद्धत, थोडक्यात. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 707 जिल्ह्यांतल्या 6,36,699 कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. त्यातली घरं ज्या रीतीने काढली, तीच आमची रीत. आधी गट निवडायचा, मग त्या गटातली 22 कुटुंबं. खेड्यात गट म्हणजे गाव, शहरात 2011 च्या जनगणनेतला प्रगणन गट, म्हणजे मोजणीसाठी आखलेला वस्तीचा तुकडा. जास्त कुटुंबांच्या गटाला निवडीची संधी जास्त. हे सगळं वरच्या ऑफिसात होतं. आपल्या हातात गटाचा क्रमांक, हाताने काढलेला जुना नकाशा आणि तेव्हाच्या कुटुंबांचा आकडा येतो.

आमच्या नकाशावर उत्तरेला नाला, पूर्वेला कंपनीची भिंत, मध्ये चाळींच्या दोन ओळी आणि एक मोठी 'मोकळी जागा' होती. आकडा 126. कंपनी गेली, भिंतही गेली, मोकळ्या जागेवर पाच टॉवर उभे राहिले. अशा वेळी आधी नाला शोधा. बिल्डरला नाला अरुंद करता येतो, उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नाला सापडला की वायव्य कोपरा ठरतो आणि तिथून क्रमांक टाकत निघता येतं.

बाहेरून मजले आणि मजल्यावरचे फ्लॅट मोजून, बंद असतील तेवढे अंदाजाने वजा करून, चाळ धरून साधारण 840 कुटुंबं निघाली. गट 300 च्या वर गेला की त्याचे 100 ते 150 कुटुंबांचे तुकडे पाडायचे आणि त्यातले दोन सोडतीने घ्यायचे. आमचे सहा तुकडे झाले: पाच टॉवर, एक चाळ. सोडतीत चाळ आली आणि तिसरा टॉवर आला. चाळीची यादी दोन दिवसांत झाली. 147 कुटुंबं, तीन ठिकाणी चहा.

मग टॉवर.

गेटवरचा पहिला प्रश्न, "कौनसा फ्लॅट?" याला आमचं खरं उत्तर 'सगळे' असं होतं. गार्डच्या हातातल्या अ‍ॅपला 'सगळे' कळत नाही. त्याला एक फ्लॅट लागतो, त्या फ्लॅटवर फोन वाजतो आणि तिथून होकार आला तरच दांडा वर जातो. गार्डचा यात काही दोष नाही, त्याच्याशी वाद घालू नका. ऑफिसात गेलो. मॅनेजर म्हणाला सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणाले कमिटीत ठेवतो, आणि कमिटी बसते रविवारी. पहिल्या रविवारी कोरम झाला नाही.

मधल्या दिवसांत सेक्रेटरींनी तीन गोष्टी ऐकवल्या. तुम्हालाही त्याच ऐकवल्या जातील, म्हणून उत्तरांसकट लिहिते.

पहिली: "आमच्या सोसायटीत कुपोषित कोणी नाही, येऊरच्या पाड्यांवर जा." पोषण म्हणजे फक्त हडकुळी मुलं नव्हेत. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय निघाला, आणि शहरी स्त्रियांपैकी 33.2 टक्के जाड किंवा लठ्ठ निघाल्या. हे दोन आकडे तोंडपाठ ठेवा. त्यानंतर पाड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. शिवाय जवळच्या डोंगरातला येऊरचा आदिवासी पाडा आपल्या गटात येतो तेव्हा आपण तिथेही जातोच. गट आपण निवडत नाही, सेक्रेटरीही निवडत नाहीत.

दुसरी: "बावीसच हवीत ना? मी देतो बावीस. चांगल्या फॅमिलीज आहेत." ही चूक आमची. पत्रात आम्हीच लिहून बसलो होतो की 22 कुटुंबांची निवड होईल. पहिल्या पत्रात 22 हा आकडा घालूच नका. 'सर्व सदनिकांची नोंद' एवढंच लिहा, निवडीचं नंतर बोलता येतं. सेक्रेटरींनी दिलेली बावीस घरं म्हणजे सेक्रेटरींच्या ओळखीची बावीस घरं. त्यात भाडेकरू नसतो, मेन्टेनन्स थकवणारा नसतो, आणि पंपरूमशेजारी राहणारं वॉचमनचं कुटुंब तर नसतंच.

तिसरी सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक होती: "वर कशाला जाता? ही मेंबर लिस्ट घ्या. 22 मजले, मजल्यावर 8, एकूण 176 नावं." नवा माणूस इथेच फसतो, कारण यादी टाइप केलेली असते आणि एसीत बसून मिळते. पण मेंबर लिस्ट ही मालकांची यादी आहे. आपल्याला चुलींची यादी हवी. एकत्र राहून एका स्वयंपाकघरातलं खाणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, मग दारावर नाव कुणाचंही असो.

नंतर वर गेल्यावर त्या 176 चं काय झालं ते पाहा. 21 फ्लॅट रिकामे, काही तर ताबा घेतल्यापासून उघडलेलेही नाहीत. 3 मध्ये क्लास आणि ऑफिसं. 4 ठिकाणी शेजारचे दोन फ्लॅट भिंत फोडून एक केलेले. 2 ठिकाणी समोरासमोरची दारं, एकात आईवडील, दुसऱ्यात मुलगा-सून, पण स्वयंपाक एकच. उरल्या 146 चुली. त्यात भर पडली ती अशी: एका फ्लॅटमध्ये दोन भावांची दोन स्वयंपाकघरं, म्हणजे एक वाढली. नोकरदार मुलींच्या एका फ्लॅटमध्ये तीन खोल्यांचे तीन वेगळे इंडक्शन, तीन वेगळे किराणे, म्हणजे दोन वाढल्या. आणि पंपरूमशेजारचं वॉचमनचं कुटुंब, नवरा-बायको आणि दीड वर्षाचं मूल, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. एकूण 150. मेंबर लिस्ट घेतली असती तर 26 ने चुकलो असतो, आणि नेमकी कुठे चुकलो ते कधी कळलंही नसतं.

मुलींच्या फ्लॅटबद्दल एक खुलासा. बाई येऊन सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक करत असेल तर ते एकच कुटुंब. म्हणून "किती जण राहता" असं विचारून थांबायचं नाही, "कालची भाजी सगळ्यांना एकच होती का" असं विचारायचं. घरात राहून तिथेच जेवणारी कामवाली मुलगी त्या घरची सदस्य धरायची. वसतिगृहं या यादीत येत नाहीत.

"मग शेजारची सोसायटी का नाही घेतलीत?" आमच्याच एका सहकाऱ्याने विचारलं. कारण भाराचं गणित. गटाची निवड झाली 126 कुटुंबांच्या हिशोबाने, आणि आज तिथे 840 आहेत. दोन्ही वेळा घरं 22 च घ्यायची, म्हणजे आमच्या एकेका घराच्या उत्तराला अंतिम आकड्यांत साडेसहा पटीहून थोडं जास्त वजन येणार. जे गट 2011 नंतर असे फुगले तिथेच टॉवर आहेत, आणि टॉवरवालेच दार उघडत नाहीत. प्रत्येक टीम कंटाळून बाजूला सरकत गेली तर घोडबंदर रोडपासून ऐरोलीपर्यंतचा उंच इमारतींतला माणूस सर्वेक्षणातून नाहीसा होईल. म्हणून बदली नाही. गटाची नाही, तुकड्याची नाही, घराचीही नाही.

गाडं शेवटी सुटलं ते महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंमुळे. पोलिओच्या रविवारी याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्यांचं टेबल लागतं, गार्डपासून खजिनदारांपर्यंत सगळे ओळखतात. त्या दहा मिनिटं येऊन उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या रविवारी कमिटीचा होकार आला. अटी: सकाळी 11 ते 1, सोबत सोसायटीचा सुपरवायझर, भिंतीवर काही लिहायचं नाही. 11 ते 1 मध्ये टॉवरमध्ये आजी-आजोबा आणि पार्सलवाले एवढेच असतात. घासाघीस करून दोन संध्याकाळी 7 ते 9 मिळवल्या. पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेले असते तर आठवडा वाचला असता. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र घ्या, शक्य असेल तर नर्सबाईंना किंवा आशाताईंना सोबत न्या, आणि मगच सोसायटीची पायरी चढा. पत्र अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या नावे, आणि आपल्या प्रतीवर पोच शिक्का. शिक्का नसेल तर चौथ्या दिवशी "कुठलं पत्र?" असं ऐकावं लागतं.

अ‍ॅपवर तोडगा: पेस्ट कंट्रोलवाले ज्या पासवर सगळ्या मजल्यांवर फिरतात, तो पास मागा. तो सोसायटी ऑफिसच्या नावाने निघतो, फ्लॅटच्या नाही.

भिंतीवर खडूने क्रमांक टाकायची बंदी असेल तर खाली मीटररूममध्ये जा. मीटरवर फ्लॅट नंबर असतात, त्यावरून दारांची संख्या ताडून पाहता येते. मीटर मंद चालतंय म्हणून फ्लॅट रिकामा असं मात्र लिहू नका, वर जाऊन शेजारी विचारा.

यादीचा क्रम एकदा ठरवला की मोडायचा नाही. आम्ही तळमजल्यापासून वर, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर उजव्या हाताने, असा धरला. मग निवड. ती यादी करणाऱ्याने करायची नसते, याद्या वर जातात आणि क्रमांक परत येतात. पण हिशोब आपल्याला कळायला हवा. 147 आणि 150 मिळून 297. भागिले 22, म्हणजे अंतर 13.5. सुरुवात यादृच्छिक, समजा 4.2 आली. तिच्यात 13.5 मिळवत जायचं: 4.2, 17.7, 31.2, 44.7. प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकाला न्यायचा: 5, 18, 32, 45. शेवटचा 287.7, म्हणजे 288. झालं. अंतर आधीच 13 किंवा 14 करून टाकू नका. 13 केलं तर यादीचं शेपूट निवडीबाहेर राहतं, 14 केलं तर बावीसावं घर यादीपलीकडे जाऊ शकतं.

टॉवरमधला एक खास खड्डा इथेच असतो. मजल्यावर 8 फ्लॅट, सगळे भरलेले, आणि अंतर नेमकं 16 आलं, तर प्रत्येक निवड एकाच उभ्या रांगेत पडते. सगळी घरं कोपऱ्यावरचे तीन बेडरूमवाले, किंवा सगळी लिफ्टसमोरचे वन बीएचके, जिथे भाडेकरू जास्त. रिकामे आणि जोडलेले फ्लॅट मधून गळाल्यामुळे आमचा क्रम आपोआप मोडला होता. नव्या भरगच्च टॉवरमध्ये अंतर 8 च्या पटीत आलं तर वर लगेच कळवा.

नवी मुंबईत, कोपरखैरणेत किंवा घणसोलीत, काम आलं तर गेटचा त्रास नाही, जिन्यांचा आहे. सिडकोच्या बैठ्या घरावर वर मजले चढलेले असतात आणि वरच्या चुलीचा जिना मागच्या गल्लीतून. पुढून मोजाल तर एक घर, मागून मोजाल तर चार. घराला पूर्ण वळसा घातल्याशिवाय क्रमांक टाकू नका.

यादी आणि मुलाखत यांच्यात काही आठवडे जातात, आणि भाड्याचे करार 11 महिन्यांचे. निवडलेल्या दारामागे दुसरंच कुटुंब आलं असेल तर त्या नव्या कुटुंबाची मुलाखत घ्यायची, जुन्याचा पाठलाग करायचा नाही. दार बंद असेल तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी निदान तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्या दुपारच्या असतील तर त्या एकच फेरी समजा. ठाण्यात साडेसातची लोकल पकडणारं जोडपं रात्री साडेआठनंतर किंवा रविवारी सकाळी नाश्त्याच्या सुमारासच घरी सापडतं. त्यांच्याऐवजी शेजारच्या निवृत्त काकांना घेतलं तर फॉर्म भरतो, पण पाच वर्षांखालचं मूल, ज्याच्यासाठी मुळात वजनकाटा वर चढवला, ते निसटतं.

होकार मिळाला की लगेच पुढच्या टीमचीही परवानगी त्याच पत्रावर लिहून घ्या, तारखेसकट. आम्ही घेतली नाही. मुलाखतीची टीम वजनकाटा आणि उंचीची पट्टी घेऊन आली तेव्हा सेक्रेटरी गावाला गेले होते आणि गेटवर पुन्हा तोच प्रश्न होता.